उलट्या वेढ्याची वेल

वाइंडरबाई चालतात कमी आणि धावतात जास्त. जळालेली मोटर सकाळी दुकानात आली की दुपारपर्यंत जुनी तार उपसून बाहेर, संध्याकाळी नव्या तारेचे वेढे आत. बोलणंही तसंच, एका दमात. "चहा घेणार का?" हे विचारून होईपर्यंत कप समोर आलेला असतो. पंखे, पंप, मिक्सर, जे फिरायचं थांबलं ते त्यांच्याकडे येतं आणि फिरत परत जातं. आमच्या गल्लीत त्यांना सगळे वाइंडरबाईच म्हणतात.

दुकान मुळात त्यांच्या यजमानांचं. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, आणि ते होतेही तसे. केसासारखी बारीक तार, पण त्यांच्या बोटांत ती कधी तुटली नाही. मग हात थरथरायला लागले. एके दिवशी एकाच पंख्याची तार तीनदा तुटली. उस्तादांनी पक्कड खाली ठेवली, हात धुतले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. बाईंनी बारा वर्षं त्यांच्या शेजारी बसून वेढे मोजले होते. दुसऱ्या दिवशी स्टुलावर त्या बसल्या. काम थांबलं नाही. थांबलं ते उस्तादांचं बोलणं. "हो", "नको", "राहू दे" एवढ्यावर त्यांचा दिवस भागायचा.

खिडकी पश्चिमेची. दुपारनंतर ऊन थेट तोंडावर.

"अहो, खुर्ची आत घ्या की."

"राहू दे."

एकदा निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई टेबलफॅन दुरुस्तीला घेऊन आल्या. त्यांच्या गच्चीवर बाग आहे. त्यांनी घामाघूम उस्तादांकडे पाहिलं, खिडकीच्या गजांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इथे मॉर्निंग ग्लोरी लावा. वेल आहे. पडद्यासारखी पसरते, निळी फुलं येतात. एकाच मोसमाची, पण तेवढ्यात घर भरून टाकते."

"फुलं कधी लागतील?"

"दोन-अडीच महिने धरा."

"अडीच महिने! बाई, तेवढ्यात मी दीडशे पंखे भरते!"

पण फॅन न्यायला आल्या तेव्हा भूगोलाच्या बाईंनी कागदाच्या पुडीत आठ बिया आणल्याच. काळ्या, तिकोनी, खड्यासारख्या टणक. "कवच जरा घासा, रात्रभर पाण्यात ठेवा. आणि जिथे पेराल तिथेच राहू द्या. हिला मुळं हलवलेली खपत नाहीत."

घासायचं म्हटल्यावर वाइंडरबाईंचे डोळे चमकले. बारीक कानस काढली, एकेक बी चिमट्यात धरली आणि अशी घासली, जणू पंपाचा भाग बसवायचाय. सकाळी बिया टम्म फुगल्या होत्या. फुटक्या बादलीच्या बुडाला ड्रिलनं भोकं पाडली, माती भरली, बिया पेरल्या, बादली आत, खिडकीखाली ठेवली. आणि तासाभरानं बघायला गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. स्क्रू-ड्रायव्हरनं एक बी उकरून पाहिली. पांढरं मूळ फुटलं होतं, ते मोडलं. भूगोलाच्या बाईंनी फोनवर त्यांना वर्गातल्या पोरीसारखं झापलं. सहाव्या दिवशी मात्र बाकीच्या सातपैकी पाच उगवल्या, प्रत्येकीला फुलपाखरासारखी दुभंगलेली दोन पानं. "आल्या! आल्या हो!" अशी हाक गल्लीच्या टोकापर्यंत गेली. समोरचा सायकलवाला पंक्चरचं काम टाकून धावत आला. त्याला वाटलं, पाहुणे आले.

आता वेलींना चढायला आधार हवा. तारेची कॉइल बांधायचा सुती दोरा दुकानात होताच. बाईंनी बादलीपासून गजांपर्यंत पाच दोरे ताणले आणि वीतभर झालेले शेंडे दोऱ्याला नीट गुंडाळून ठेवले. सकाळी पाहतात तर पाचही शेंडे सुटून लोंबताहेत. पुन्हा गुंडाळले. पुन्हा सुटले. चौथ्या दिवशी बाई इरेला पेटल्या. "मोठमोठ्या मोटरी मला वाकल्या, तू कोण लागून गेलीस?" म्हणत त्यांनी शेंडा ओढून बांधायला घेतला.

"उलटा वेढा घालतेयस."

बाईंचा हात तिथेच थांबला. उस्ताद बोलले होते. अख्खं वाक्य!

"काय म्हणालात?"

उस्तादांनी थरथरतं बोट वर करून हवेत गोल काढला. "वरून बघ. ती घड्याळाच्या उलट फिरते. तू घड्याळासारखी गुंडाळतेस. रात्रीतून ती स्वतःला सोडवून घेते. चार दिवस बघतोय मी."

"चार दिवस बघताय आणि आज सांगताय?"

"तू विचारलंस कुठे?"

बाईंनी शेंडा उलट्या बाजूनं फिरवून सोडून दिला. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून आणखी दोन वेढे घेतले होते. त्या आनंदात त्यांनी त्या सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाला दोन कप चहा पाजला.

मग वेलींनी जी धाव घेतली! रोज वीतभर. बदामाच्या आकाराच्या हिरव्यागार पानांनी खिडकी भरली, उस्तादांच्या तोंडावरचं ऊन गेलं. बाईंना वाटलं, एवढ्यावर एवढी वाढते, तर अजून घातलं तर? दर चौथ्या दिवशी मूठभर खत, सकाळ-संध्याकाळ पाणी. पानं तळहाताएवढी झाली. अडीच महिने उलटले आणि कळीचा पत्ता नाही.

"बाई," सायकलवाला ओरडायचा, "भाजीला एक जुडी द्या की!"

भूगोलाच्या बाई स्वतः बघायला आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, खाऊ घालून घालून आळशी केलीत हिला! भरल्या पोटी ही नुसती पानं काढते. खत बंद. माती सुकली तरच पाणी. आणि हात लावू नका."

हात न लावणं हे वाइंडरबाईंच्या आवाक्याबाहेरचं काम. ते उस्तादांनी अंगावर घेतलं. पाण्याचा मग आपल्या खुर्चीमागे लपवला. रोज सकाळी बोट मातीत खुपसून बघायचे आणि निकाल द्यायचे. "आज नाही."

"अहो, मान टाकेल ती!"

"टाकत नाही. आज नाही म्हणजे नाही."

असे तीन आठवडे गेले. आणि एका दुपारी बाई मोटरीत डोकं घालून बसलेल्या असताना मागून हाक आली, "अगं, इकडे ये. लवकर ये!" उस्ताद खिडकीच्या गजांना गाल टेकवून वर बघत होते. पानांच्या बेचक्यांत मिटलेल्या छत्रीसारख्या पिळदार कळ्या! एक, दोन, पाच, नऊ! बाईंनी टाळ्या वाजवल्या, सायकलवाल्याला हाक मारली, भूगोलाच्या बाईंना फोन लावला. या गडबडीत एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. कळ्या धरलेली वेल खिडकी केव्हाच ओलांडून गेली होती. खांबावरून दुकानात येणाऱ्या विजेच्या तारेला वेटोळे घालत ती हातभर नव्हे, चांगली दोन-अडीच हात पुढे पोचली होती.

ते लक्षात आलं लाइनमनच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लांब दांड्याचा कोयता घेऊन दारात उभा. "मावशी, वेल कापावी लागेल. तारेवर गेलीय."

बाईंचा चेहरा उतरला. लाइनमनचं चुकत नव्हतं, हे त्यांच्याइतकं गल्लीत कुणाला कळत होतं? वारा आला, ताण बसला, ओल धरली, तर पुढे काय होतं ते त्या रोज जळालेल्या मोटरींत बघत होत्या.

"कापू नका. मी सोडवते."

"सोडवता? अहो, किती वेढे आहेत बघा तरी."

"जन्मभर वेढेच सोडवतेय मी! सप्लाय बंद करा आणि मला दहा मिनिटं द्या. नाही जमलं तर खुशाल कापा."

लाइनमननं घड्याळ बघितलं, कळ्या बघितल्या. "दहाच. शिडी मी धरतो. आणि तार बंद आहे हे मी तपासल्याशिवाय पाय ठेवायचा नाही."

त्यानं खांबावरचा फ्यूज काढला, तार तपासली. बाईंनी आपल्या टेस्टरनं पुन्हा तपासली. गल्लीतले पंखे थांबले, सायकलवाल्याचा हवेचा पंप बंद पडला आणि तो चिडून बाहेर आला. बाई शिडीवर चढल्या आणि घाईघाईत हाताला लागेल तिथे वेल ओढली. टर्रकन एक पान फाटलं, एक कळी तुटून खाली पडली.

"मधून नाही!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. उस्ताद खुर्चीतून उठून, चौकटीला धरत, रस्त्यावर आले होते. कित्येक महिन्यांनी. "कॉइल कधी मधून सोडवलीस का? शेंडा धर. शेंड्यापासून ये. आता घड्याळासारखी फिरव. सावकाश!"

बाईंनी श्वास घेतला, शेंडा शोधला, चिमटीत धरला आणि फिरवला.

"एक," उस्ताद म्हणाले.

पुन्हा फिरवला.

"दोन."

शेंडा जितका मोकळा होईल तितका बाई खांद्यावर घेत गेल्या. पाचव्या वेढ्याला लाइनमनही मोजू लागला. नवव्याला सायकलवाला. अकराव्याला वेल तारेत अडकली; देठ दुमडला गेला असता, पण उस्ताद ओरडले, "थांब! आधी पान काढ खालून!" पान निघालं, वेढा सुटला. चौदा झाले तेव्हा दहा मिनिटं केव्हाच संपली होती. बाईंनी खाली बघितलं. लाइनमननं घड्याळाचं मनगट पाठीमागे नेलं होतं. "बघता काय मावशी? पंधरा!"

एकोणिसाव्या वेढ्याला तार मोकळी झाली. सायकलवाल्यानं शिट्टी मारली. खांद्यावर वेल घेऊन बाई खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. खिडकीच्या दुसऱ्या अंगाला भिंतीवर नवे दोरे ताणून वेल तिथे टेकवली. या वेळी वेढा उलटाच, म्हणजे बरोबर. आठ कळ्या शाबूत होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या दुकानाशी आल्या, तर उस्ताद आधीच खुर्ची बाहेर मांडून बसलेले. एका कळीचा पीळ सैल पडत होता. बघता बघता तिची कड सुटली आणि ती पसरली. निळी, इतकी निळी! बाई अशा ओरडल्या की दात घासता घासता सायकलवाला ब्रशसकट रस्त्यावर.

"उघडली! अहो, उघडली!"

"तीन," उस्ताद म्हणाले. "दोन पानांमागे आहेत. नीट बघ."

दुपारी फुलं गुलाबीसर पडून मिटली. बाई घाबरल्या, भूगोलाच्या बाईंनी फोनवर समजावलं की फुलाचं आयुष्य एवढंच, पण रोज नवी येतात. आणि आलीच. उस्ताद रोजचा आकडा शटरच्या आतल्या बाजूला खडूनं लिहीत. अक्षर वाकडं यायचं, पण लिहीत. बोलायचंही मनावर घेतलं त्यांनी. मोटर सुरू केली की बाहेरून आवाज ऐकून सांगायचे, "बेअरिंग घासतंय गं."

मोसम सरला तशी वेल पिवळी पडून वाळली. बाईंना ठाऊक होतं, तरी दोन दिवस त्या गप्प होत्या, आणि त्यांचं गप्प असणं गल्लीला सहन होईना. उस्तादांनी वाळकी बोंडं फोडायला घेतली. थरथरत्या बोटांतून बिया चहूकडे उडत; बाई परात पुढे करून हसत बसल्या. मूठभर बिया भूगोलाच्या बाईंना गेल्या, मूठभर सायकलवाल्याला. लाइनमननं स्वतः येऊन मागून नेल्या.

यंदा वेल भिंतीकडेच्या मातीत लावलीय. उस्तादांनी सांगितल्या मापाचा लोखंडी पाइपचा मांडव आहे, तारेपासून चांगला लांब. आज सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा दोघं मांडवाखाली भांडत होती.

"बावन्न," उस्ताद म्हणत होते.

"चोपन्न! डोळे तपासून घ्या!"

"अर्धवट उघडलेली धरत नाही मी."

"मग थांबा दोन मिनिटं," असं म्हणून वाइंडरबाई चक्क स्टूल ओढून शांत बसल्या.