एदेल्मिराची बारावी पट्टी

एदेल्मिरा काब्रालेसला पुस्तक आवडलं नाही, की ती हातातलं पातं जमिनीवर टाकायची. फेकायची नाही, नुसती बोटं सैल सोडायची. फरशीवर तो खण्णकन आवाज झाला, की मी मान आणखी खाली घालायचो, कारण ते पुस्तक मी वाचत असायचो.

मी, विल्फ्रेदो, आमच्या गावच्या सिगार कारखान्याचा वाचक. दालनाच्या एका टोकाला लाकडी चौथरा आहे, त्यावर खुर्ची, माईक आणि मी. समोर बाकांच्या रांगा. माणसं सिगार वळत बसलेली असतात आणि मी त्यांना सकाळी वर्तमानपत्र आणि जेवणानंतर कादंबरी वाचून दाखवतो. क्युबात हे पणजोबांच्या काळापासून चालत आलंय. त्याशिवाय हात चालत नाहीत, असं वळणारे म्हणतात, आणि मी त्यांना कधी खोटं पाडलेलं नाही, माझी नोकरी त्यावरच आहे. तंबाखूचं पान कापायला प्रत्येकाकडे अर्धगोल पातं असतं, त्याला आम्ही चावेता म्हणतो. वाचलेलं आवडलं, की सगळे चावेता लाकडी फळीवर ठोकतात. नाही आवडलं, तर ती जमिनीवर पडते. आमच्याकडची पुस्तक परीक्षणं अशी असतात.

एदेल्मिरा खिडकीजवळच्या तिसऱ्या रांगेत बसायची आणि तिने ठोकल्याशिवाय बाकीचे ठोकत नसत. कोणी तिला हा मान दिला नव्हता, तिने तो घेतला होता. पुस्तकांबद्दल बोलायची तीही तंबाखूच्याच भाषेत. "वरचं पान झकास, आत सगळा चुरा," असं एका गाजलेल्या कादंबरीबद्दल म्हणाली, आणि ती कादंबरी तिथेच मेली. दुसऱ्या एकीबद्दल म्हणाली, "फार घट्ट वळलीय. कितीही ओढा, धूर येत नाही." मला या बाईचा राग यायचा. तिच्या त्या ठोकण्यासाठी मी जीव तोडून वाचायचो, हेही खरं.

ती निवृत्त झाली, तरी डिसेंबरातल्या सभेला यायचं तिने सोडलं नाही. नव्या वर्षी कुठलं पुस्तक वाचायचं, ते या सभेत मतांनी ठरतं. निवृत्त माणसाला तिथे मत असतं का, हे तिला विचारायची कोणाची छाती नव्हती.

छाती निघाली युसिमीची. ही पोरगी हवानाहून लग्न करून आमच्या गावात आली, हाताला वेगवान आणि जिभेला त्याहून. त्या डिसेंबरात तिने एक खुनाची कादंबरी सुचवली. एदेल्मिराने मागचं पानही न बघता नाक मुरडलं.

"मावशी, तू वाचलीयस का ही?" युसिमीने विचारलं.

"असल्या खंडीभर वाचल्यात मी."

"वाचल्या नाहीस, ऐकल्यास. वाचल्या विल्फ्रेदोने. तू नुसती बसली होतीस."

सगळ्या माना युसिमीकडे वळल्या. आमच्याकडे पुस्तकाला कोणी 'ऐकलं' म्हणत नाही. 'ते आम्ही वाचलंय', 'ते वाचताना मी रडलो', असंच सगळे म्हणतात, मग वाचणारा घसा माझा एकट्याचा का असेना. युसिमीने तो शब्द तोडून दोन तुकडे केले आणि एक तुकडा एदेल्मिराच्या पुढ्यात टाकला. एदेल्मिरा उठली. तिचा चेहरा मी इतका लाल कधी पाहिला नव्हता.

"बारा," ती म्हणाली. "येत्या वर्षात बारा पुस्तकं वाचेन. माझ्या डोळ्यांनी, तोंड मिटून, कोणाच्या घशाची मदत न घेता. पुढच्या सभेपर्यंत एक जरी कमी पडलं, तर या दालनात पुस्तकाबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही."

"कोणाच्या घशाची" हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. मला ते लागलं.

तरी दर रविवारी मी तिच्याकडे कॉफीला जात राहिलो. एक तर कॉफी ती फार चांगली करते, आणि दुसरं म्हणजे तिची फजिती मला बघायची होती. फजिती झालीच. पहिलं पुस्तक घेऊन ती आरामखुर्चीत बसे आणि दुसऱ्या पानावर घोरायला लागे.

"हात रिकामे आहेत ना माझे," ती वैतागून म्हणाली. "हात थांबले, की डोळे मिटतात. आयुष्यभराची सवय."

मग तिने उपाय काढला. पुस्तक साखरेच्या डब्याला टेकवून उभं करायचं आणि समोर परात घेऊन तांदूळ निवडायचे. पान कोपराने उलटायचं. त्या महिन्यात सगळ्या गल्लीचे तांदूळ तिने निवडून दिले. शेजारच्या ओनेलियोने तर निवडलेलेच तांदूळ पुन्हा आणून दिले, तिचं पुस्तक अडू नये म्हणून.

दुसरी अडचण जास्त विचित्र होती. कारखान्यात माझं वाचन अर्ध्या तासाचं. घंटा झाली, की मी थांबतो, मग वाक्य कुठेही असो. एदेल्मिरा घरीही तशीच थांबायची. गजराचं घड्याळ लावायची आणि ते वाजलं, की पुस्तक बंद. एका रविवारी मी बसलेलो असताना घड्याळ वाजलं आणि तिने पुस्तक मिटलं. कादंबरीत घराचं दार कोणीतरी जोराने वाजवत होतं.

"अगं, कोण आलंय ते तरी बघ," मी म्हणालो.

"उद्या."

"घंटा तुझी, घर तुझं, पुस्तक तुझ्या हातात. तुला अडवतंय कोण?"

"घंटा ती घंटा, वाचक्या. रात्रभर विचार करायला काहीतरी ठेवायला नको?"

वाचक्या म्हणजे मी. मी नोकरीला लागलो तेव्हापासून ती मला याच नावाने हाक मारते, आणि माझे केस पांढरे झाले तरी तिने ते बदललेलं नाही.

पुस्तक संपलं, की ती फ्रिजच्या दारावर सिगारची कागदी पट्टी चिकटवायची, जी आम्ही सिगारच्या कमरेला गुंडाळतो ती. चांगल्या पुस्तकाला सोनेरी, बऱ्याला लाल, टाकाऊला बिनछापाची. गल्लीतली माणसं येता जाता फ्रिज बघून जायची. एका जाडजूड कादंबरीला तिने बिनछापाची पट्टी लावली, तेव्हा मी चिडलो, कारण ती मला आवडलेली होती.

"काय वाईट आहे तिच्यात?"

"माणसं चांगली आहेत. पण लिहिणारा त्यांना बोलूच देत नाही. सारखा मध्ये येतो. तुझ्यासारखा."

"मी कुठे मध्ये येतो?"

"येतोस." तिने परात बाजूला ठेवली. "तोंड मिटून वाचते, घर बंद करून वाचते, तरी आत तू बडबडतच असतोस. प्रत्येक म्हातारा तुझ्यासारखा खोकतो. बायकासुद्धा तुझ्याच त्या बारीक आवाजात बोलतात, जो तुला जमत नाही. कोणाच्या घशाची मदत नको म्हटलं मी सभेत, आणि तू आतच बिऱ्हाड केलंयस."

ती तक्रार करत होती. मी कपाळाला आठ्या घालून ऐकून घेतली. पण घरी जाताना मला इतका आनंद झाला होता, की मी वाट वाकडी करून चौकातून गेलो आणि डॉमिनो खेळणाऱ्या तिघांना उगीचच बियर पाजली.

पट्ट्या वाढत गेल्या. उन्हाळ्यात ती मागे पडली, कारण वीज सारखी जायची आणि तिचा चष्मा जुना. मग ती दारातल्या उजेडात बसायला लागली. पावसाळी वादळांच्या दिवसांत दारं खिळ्यांनी बंद केली, तेव्हा तिने कंदील लावून वाचलं. नोव्हेंबर संपताना फ्रिजवर अकरा पट्ट्या होत्या. गावात लोक तिच्याबद्दल अभिमानाने बोलायला लागले होते, आणि सर्वांत जास्त मी, जणू पुस्तकं मीच वाचली होती.

बारावी कादंबरी दोन बहिणींची होती. नदीवर त्यांची होडी असते. एकमेकींशी बोलत नाहीत, निरोप द्यायचा तर होडीतल्या प्रवाशांबरोबर पाठवतात. एदेल्मिराचा जीव त्या बहिणींवर जडला होता. एकच प्रकरण उरलं होतं आणि सभेला चार दिवस होते. मी गेलो तर पुस्तक साखरेच्या डब्यावर पालथं, आणि परात रिकामी.

"संपलं?"

"नाही. संपवणार पण नाही."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिने कॉफीही टाकली नव्हती.

"अकरा संपवली रे मी," ती म्हणाली. "दर वेळी शेवटचं पान उलटलं आणि काहीच वाजलं नाही. फ्रिज तेवढा घुरघुरला. एकदा मीच चमचा घेऊन टेबल ठोकून पाहिलं, तर ओनेलियो धावत आला, काय झालं विचारायला. बाकीची गेली तशी जाऊ देत. या बहिणींना मी असं एकटीने नाही संपवणार."

"मग अकरावरच राहशील. आणि सगळ्यांसमोर शब्द दिलायस. त्या सभेत तुला गप्प बसावं लागेल, मरेपर्यंत."

"बसेन."

"अगं, बारा झाली म्हणून सांग. शेवटचं प्रकरण कोण विचारणार आहे?"

"साध्या सिगारला सोनेरी पट्टी कधी लावली नाही मी," ती म्हणाली. "आता लावू?"

मी रागाने उठून आलो. राग युसिमीचा होता, एदेल्मिराच्या हट्टाचा होता, आणि तिच्या नाक मुरडण्याशिवाय आमची सभा कशी असेल, याची मला भीती वाटत होती.

सभेच्या दिवशी ती इस्त्रीचा निळा झगा घालून आली, काखेत ते पुस्तक. युसिमी पहिल्याच बाकावर होती. वर्षभर गावाचं बोलणं ऐकून तीही जरा नरमली असावी, पण विचारल्याशिवाय राहणार थोडीच.

"मावशी, किती झाली?"

"अकरा. बाराव्याचं शेवटचं प्रकरण राहिलंय." एदेल्मिरा सरळ चौथऱ्याकडे आली. "ते मी इथे वाचते. तोंड उघडून. मग धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. वाचक्या, ऊठ."

मी उठलो. माझ्या खुर्चीत माझ्याखेरीज कोणी बसलेलं मला चालत नाही, पण त्या दिवशी मी तिला हात देऊन वर घेतलं. तिने चष्मा लावला. माईकसमोर तिचा आवाज बारीक निघाला. आयुष्यभर दुसऱ्याला जोखलेली बाई पहिल्यांदाच जोखली जात होती.

"त्या वर्षी नदी इतकी आटली," तिने वाचलं, "की धाकटी होडी सोडून चालतच पलीकडे निघाली. थोरली काठावर उभी होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दोघींच्या मध्ये कोणी प्रवासी नव्हता. थोरलीने तोंड उघडलं आणि..."

"थांब, थांब," युसिमी ओरडली. "शेवट कसला सांगतेस, मावशी? आम्ही अजून वाचलं कुठे ते!"

एदेल्मिराने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, अख्खं पुस्तक बाकी आहे. आम्ही अजून वाचलं..." आणि युसिमी थांबली. तिचे कान लाल झाले. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि कोण वाचणार ते, पोरी?"

"विल्फ्रेदो," युसिमी पुटपुटली.

"तो वाचेल. तू काय करशील?"

युसिमीने खाली बघितलं. मग तिने समोरची चावेता उचलली.

"मीपण वाचेन," ती म्हणाली. "पानं वळत वळत." आणि तिने फळीवर ठोकलं. त्यासरशी सगळं दालन ठोकायला लागलं. मला माझ्या चांगल्यातल्या चांगल्या वाचनालाही तेवढा आवाज कधी मिळालेला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. एदेल्मिराने पुस्तक मिटलं. खुनाची कादंबरी मागे पडली, होडीवाल्या बहिणी मतांनी निवडून आल्या, आणि बारावं पुस्तक सगळ्यांनी मिळून संपवेपर्यंत मावशीच्या तोंडाला कुलूप लावायचं नाही, असंही ठरलं. हा ठराव युसिमीनेच मांडला.

जानेवारीपासून मी ते वाचायला घेतलं. एदेल्मिरा रोज जेवणानंतर यायची. तिचे हात रिकामे राहू नयेत म्हणून पानांच्या शिरा काढायचं काम तिच्यापुढे ठेवलेलं असायचं. तिला सगळं ठाऊक होतं, तरी घंटा झाली, की बाकीच्यांबरोबर तीही हळहळायची. शेवटचं प्रकरण तेवढं तिला ठाऊक नव्हतं. सभेपासून तिने ते उघडलं नव्हतं.

ते प्रकरण आलं, तेव्हा घंटा झाली तरी मी थांबलो नाही, आणि कोणी थांबवलंही नाही. थोरलीने तोंड उघडलं आणि काय म्हटलं, ते मी इथे सांगणार नाही. वाक्य संपलं. एदेल्मिराने पर्समधून तिची जुनी चावेता काढली होती, पण ती नुसती हातात धरून युसिमीकडे बघत बसली. युसिमीने डोळे पुसले आणि ठोकलं. मग एदेल्मिराने, मग सगळ्यांनी.

दालन रिकामं होत असताना युसिमी तिच्याजवळ आली आणि तिच्या हातावर एक सोनेरी पट्टी ठेवली.

"बारावी," ती म्हणाली.

"वर्ष कधीच उलटलं गं."

"मग काय झालं? सगळ्यांनी वाचायचं म्हणजे वेळ लागतोच."

ती पट्टी एदेल्मिराने फ्रिजवर लावली नाही. लहानपणी आम्ही सगळे घालायचो तशी तिने ती अंगठीसारखी बोटात घातली, आणि तशीच घरी गेली.