अनावश्यक भुंकणं

आमच्या घरातली गेल्या दोन वर्षांतली सगळी भांडणं दोन शब्दांवरून झाली. ते शब्द कुत्र्यांच्या आज्ञापालन स्पर्धेच्या नियमांत आहेत: "अनावश्यक भुंकणं". त्याचे गुण कापायचे. किती कापायचे आणि अनावश्यक म्हणजे कोणतं, हे मात्र परीक्षकाच्या मर्जीवर.

मी, माझा नवरा आणि सासरे असे आम्ही तिघं कुंभार पिंपळगावच्या शिवारात आखाड्यावर राहतो. आखाडा म्हणजे शेतातलंच घर. पुढं गोठा आणि रस्त्याकडं जाणारी गाडीवाट, मागं आणि दोन्ही अंगांना ऊस. नवऱ्याचं गावात बी-बियाण्यांचं दुकान आहे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. काचबिंदूनं मामांची नजर गेलेली आहे. समोर कुणी उभं राहिलं तर बाई की बाप्या एवढं कळतं, त्यापुढं सगळं धुकं. तरी शेणापासून धारेपर्यंत गोठ्याचं सगळं काम तेच करतात, आणि हात धरायला गेलं की खेकसतात.

कुत्री आली ती जालन्याहून. एमआयडीसीतल्या ज्या मारवाडी शेठकडून नवरा बियाणं उचलतो, त्यांची ती. जर्मन शेफर्ड, वर्षाची, उंचीपुरी. शेठ म्हणाले, "फ्लॅटमधले लोक रोज कटकट करून राह्यले. लई भुंकते म्हणतात. तुमच्या शेतात बिचारी मोकळी राहील." भुंकते म्हणूनच ती आमच्याकडं आली, हे मी नवऱ्याला पुढं किती वेळा ऐकवलं त्याची गणती नाही.

मामांचं आणि तिचं पहिल्या आठवड्यातच जमलं. ते तिला माय म्हणायचे. मलाही माय म्हणतात. गोठ्यातून "माय!" अशी हाक आली की आम्ही दोघी एकदम वळायचो. बाजेवर बसल्या बसल्या ते तिचं भुंकणं ऐकायचे आणि मला सांगायचे, "माणूस हाय, पायी आलाय, बग." खरंच फाटकात कुणीतरी उभं असायचं. माणसाला ती दोनदा भुंकून थांबायची. डुकराला पळत पळत, दम न घेता. सापाला एकाच जागी उभी राहून, तुटक तुटक. मामा आवाजाकडं मान वळवायचे, आणि कुठं काय आहे ते त्यांना माझ्याआधी कळायचं. तिच्या येण्यानं त्यांचं खेकसणंसुद्धा कमी झालं. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग नवऱ्याला स्पर्धेचं वेड लागलं. जालन्यात एका मैदानावर कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं आम्ही तिला घेऊन गेलो. पायाला पाय लावून चालणं, सांगितलं की बसणं, मालक लांब गेला तरी जागा न सोडणं, हाक आली की धावत येणं. तिनं सगळं चोख केलं. फक्त हाक ऐकून धावत येताना ती आनंदानं भुंकत आली. परीक्षक पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी प्रत्येक भुंकण्याचे गुण कापले. मालक लांब असताना बसल्या जागी ती एकदा हळूच भुंकली होती, ते मात्र "एखादं चालतं" म्हणून सोडून दिलं. हातातोंडाशी आलेला कप गेला.

पुढची स्पर्धा छत्रपती संभाजीनगरला. तिथं परीक्षक बाई होत्या. कुत्री पुन्हा तशीच भुंकत धावत आली, तर बाई हसल्या आणि म्हणाल्या, "खूश आहे ती, याचे काय गुण कापायचे?" पण बसल्या जागी, मागं एक टेम्पो रिव्हर्स घेत होता म्हणून ती एकदा भुंकली, त्यावर त्यांनी त्या प्रकाराचे जवळजवळ सगळेच गुण उडवले. कुत्री तीच, भुंकणं तेच, आणि निकाल बरोबर उलटा. नवऱ्यानं विचारलं तर त्यांनी नियमांच्या कागदावर बोट ठेवलं. अनावश्यक भुंकणं. पुढं काहीच लिहिलेलं नव्हतं.

परत येताना शहागडला ट्रकांच्या गर्दीत चहाला थांबलो. नवऱ्यानं नियमांचा कागद पुन्हा उलगडून वाचला. कपातला चहा गार होऊ देऊन तो म्हणाला, "आता तिला भुंकूच द्यायचं न्हाई. मंग परीक्षक कोणीबी असू दे."

"मग माझेपण गुण कापा," मी म्हणाले. "मीही दिवसभर भुंकतच असते."

"तुझे तर आधीच शून्य हायेत," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. त्या हसण्याचा मला आता राग येतो.

त्यानं फोनवरून एक पट्टा मागवला. काळा, रुंद, आतून दोन बोथट खिळे असलेला. कुत्री भुंकली की तो पट्टा गळ्याला झटका देतो. पहिल्या दिवशी ती भुंकली, दचकली, आणि मागं वळून बघू लागली, कुणी मारलं म्हणून. मागं कुणीच नव्हतं. मी भांडले, जेवले नाही, पट्टा लपवून ठेवला. त्यानं तो शोधून काढला. मामांना त्यानं सांगितलं होतं की अंधारात चमकणारा पट्टा आहे.

पण मामांचा हात सदा तिच्या मानेवर. एकदा दूधवाला आला, ती मामांच्या हाताखालीच भुंकली, आणि झटका त्यांच्या बोटांना बसला. ते कितीतरी वेळ बोटं चोळत बसले. मग लेकाला हाक मारली.

"हिला करंट लावलाय व्हय रं तू?"

"मामुली असतो, दादा. शिस्तीसाठी. उगं भुंकल्याचे गुण जातात."

"उगं?" मामा म्हणाले. "ती उगं कवा भुंकली, सांग मला."

नवरा दुकानाला निघून गेला. पट्टा गळ्यात राहिलाच. पावसाळा संपेपर्यंत तिचा आवाज आधी तुटला, मग घशातल्या घशात राहिला, आणि दसऱ्याच्या आसपास तोही गेला. पट्टा काढल्यावरही आवाज परत आला नाही. आखाड्यावर अशी शांतता पसरली की फाटकाची कडी वाजली तरी मी दचकायचे. मामा बाजेवर बसून मान इकडंतिकडं वळवत राहायचे, रेडिओचं स्टेशन लागत नसल्यासारखे.

या हिवाळ्यातल्या स्पर्धेत ती पहिली आली. परीक्षक दोघं होते आणि दोघांच्या गुणांत कणाचाही फरक नव्हता. नवऱ्यानं कप मांडीवर घेऊन गाडी चालवली. घरी पोचलो तर गावात प्रत्येकाच्या फोनवर एकच फोटो फिरत होता: गोदावरीच्या कडेच्या ओल्या मातीत उमटलेला पंजा, शेजारी मापाला ठेवलेली काडेपेटी. बिबट्या.

ऊसतोड सुरू झाली होती. तोडणीवाल्यांच्या टोळ्या उसाचा एकेक फड मोकळा करत आमच्या बाजूला सरकत होत्या. फड तुटला की त्यातलं जे असेल ते शेजारच्या फडात जातं, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कुणाची शेळी गेली, कुणाचं कुत्रं गेलं, अशा बातम्या रोज एकेक शिवार जवळ येत होत्या. वनरक्षक येऊन सगळ्यांना सूचना देऊन गेले. आमच्या ओट्यावर पाणी पिताना त्यांनी विचारलं, "कुत्रं हाय न्हवं? त्याला कळतं सगळ्यांच्या आधी."

"हाय," मामा म्हणाले.

"मंग ठीक," असं म्हणून ते मोटारसायकलला किक मारून गेले. नवरा कपाटातल्या कपाकडं बघत उभा होता, आणि मी त्याच्याकडं.

त्यानंतरची ती संध्याकाळ. दिवेलागणीला अजून वेळ होता. मामा गोठ्यापुढं बसून कालवडीसाठी उसाचे वाढे तोडत होते. मी चहा घेऊन बाहेर आले. कुत्री उसाच्या बांधावर बसली होती, पाठ ताठ, मान सरळ, पुढचे पाय जोडून. स्पर्धेत बसते अगदी तशी. मला वाटलं, नवऱ्यानं बसवलीय. मी त्याला शोधायला नजर फिरवली. गाडी जाग्यावर नव्हती. तो दुकानातच होता.

मग मला तिच्या पाठीवरचे केस दिसले. मानेपासून शेपटीपर्यंत उभे. ती उसाकडं टक लावून बघत होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं. कालवड दाव्याला हिसके देत मागं सरत होती. वारा नव्हता, आणि उसाची पानं एकाच ठिकाणी हलत होती. मामा खाली मान घालून, एका लयीत, वाढ्यांवर कोयता चालवत होते.

चहाची कपबशी कुठं गेली ते मला आठवत नाही. मी ओरडले. काय ओरडले तेही आठवत नाही, पण घसा पुढं कितीतरी दिवस बसला होता. ऊस फाकला, काहीतरी पिवळं वळलं, आणि पानांची सळसळ आत आत जात थांबली. कुत्री जागची हलली नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या जागेकडं, बक्षीस मिळेल म्हणून.

नवरा आला, बॅटरी घेऊन बांधावर गेला. पंजे होते. मामा बसले होते तिथून कालवड जेवढी लांब, त्याच्याही निम्म्या अंतरावर. त्यानं कालवड सोडून आत बांधली. दुसऱ्या दिवसापासून तो तिला बोलतं करायच्या मागं लागला. "बोल, बाई, बोल!" ती त्याच्या खिशाकडं बघायची, ओठ चाटायची आणि बसायची. शेवटी तो स्वतःच भुंकून दाखवू लागला. चांगला दुकानदार माणूस, अंगणात ओणवा होऊन भुंकतोय. मी हसले आणि मग मला रडू आलं. चूक कळूनही तिचा काही उपयोग उरलेला नाही असा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

तोड मामांनीच काढली. बैल होते तेव्हाच्या घुंगरांच्या माळेतलं एक घुंगरू त्यांनी तिच्या गळ्यात बांधलं. ती फिरली की वाजतं. ते थांबलं की तिनं काहीतरी पाहिलंय, किंवा ती झोपलीय. "थांबलं की मी उठन," मामा म्हणाले. "बिलकुल वांदा न्हाई."

आता आजूबाजूचा सगळा ऊस तुटलाय. उभा आहे तो फक्त आमचा. टोळी कधी येईल ते कारखाना सांगत नाही. शिवारात ज्याला लपायचंय त्याला आता आमच्या घरामागंच काय ती जागा उरली आहे. तशात जालन्याहून आईचा फोन आला. तिचं ऑपरेशन ठरलंय, चार दिवस तरी ये म्हणाली. मी पिशवी भरून दाराशी ठेवली.

काल संध्याकाळी कणीक मळत होते. घुंगरू वाजत होतं, आणि मग वाजेनासं झालं. मी तसेच पिठाचे हात घेऊन दारात आले. कुत्री उसाच्या बांधावर ताठ बसली होती, केस उभे. मामा उठलेच होते. हातातली काठी वर धरून, पाय घट्ट रोवून, सगळं अंग कानात आणून ते उभे होते. घुंगरू थांबलं एवढंच त्यांना कळलं होतं, कुठं ते नाही; त्यांचं तोंड रस्त्याकडं होतं आणि उसाकडं पाठ.

"मामा! मागं! उसाकडं!"

ते गर्रकन वळले, काठी आपटली, शिव्या घातल्या. पानं हलली आणि थांबली. घुंगरू परत वाजायला लागलं तेव्हा ते माझ्या आवाजाच्या दिशेला बघून हसले.

"बराबर," ते म्हणाले. "आसंच सांगत जा, माय."

मी आत आले, हात धुतले, आणि दाराशी ठेवलेली पिशवी उलटी करून साड्या परत कपाटात ठेवल्या. आईला अजून फोन केलेला नाही.