पाहुण्यांचा तास

मुंबईहून नागपूरला निघालेला एकही शास्त्रज्ञ आमच्या सरांनी सुखासुखी नागपूरला पोचू दिला नाही. नागपुरात विज्ञान परिषद भरणार अशी बातमी वर्तमानपत्रात आली, की अमरावतीच्या आमच्या कॉलेजातले हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक कोट झटकत आणि उलट्या दिशेने अकोल्याला जात. तिथे मुंबईहून येणारी गाडी गाठायची, तिकीट थर्डचं काढायचं आणि बसायचं मात्र फर्स्टच्या डब्यात, शास्त्रज्ञासमोर. अकोला ते अमरावतीसाठी उतरायचं बडनेरा एवढा वेळ एका शास्त्रज्ञाचं मन वळवायला पुरतो, असा त्यांचा अनुभव होता. नाहीच वळलं, तर बडनेऱ्याला सर पाहुण्याची ट्रंक उचलून खाली उतरत. मग ट्रंकेपाठोपाठ पाहुण्याला उतरावंच लागे. शास्त्रज्ञ ओळखायची त्यांची खूण एकच. खिडकीशी बसूनही जो बाहेर न बघता वाचत राहतो, तो शास्त्रज्ञ. या खुणेवर एकदा विमा कंपनीचे एक अधिकारी उतरले. ते बिचारे मुकाट आले, जेवले आणि माणूस साधारण किती जगतो यावर आमच्याशी तासभर बोलले. चूक कळल्यावर सर जराही गडबडले नाहीत. “आयुष्यावरच बोलले ना,” ते म्हणाले, “मंग इषय आपलाच हाय.”

कॉलेजच्या कागदोपत्री या योजनेला काहीतरी लांबलचक नाव होतं. आम्ही बी.एस्सी.ची मुलं तिला ‘पाहुण्यांचा तास’ म्हणत असू. या तासाला पाहुण्याने व्याख्यान द्यायची सक्त मनाई होती. त्याने प्रयोगशाळेत आमच्यातल्याच एका स्टुलावर बसायचं आणि आम्ही विचारायचं. प्रत्येकाने पुस्तकात उत्तर नसलेला एक प्रश्न घेऊन यायचं. प्रश्न नसेल त्याच्यावर सर रागावत नसत, त्याला कॉलेजामागच्या विहिरीकडे पाठवत. “पान्याकडं पाहून ये. काई ना काई दिसंल.” मी त्या विहिरीकडे इतकं पाहिलं आहे, की तिच्यातली कासवं मला ओळखू लागली होती. पाहुण्यांचा मुक्काम सरांच्याच घरी असे. मुंबईहून कलकत्त्याला परतणारे एक मत्स्यतज्ज्ञ सरांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हातचा ठेचा चटणी न समजता भाजी समजून जेवले आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्यांनी फळ्यावर लिहून पार पाडला. इतका मुद्देसूद पाहुणा पुन्हा मिळाला नाही, असं सर पुढे कित्येक वर्षं सांगत.

मी शेवटच्या वर्षाला असताना सरांनी मुंबईच्या एका संस्थेत पिकांवरच्या किडींचा अभ्यास करणाऱ्या एक बाई उतरवून आणल्या. “बाई, तुमी कापसाच्या किड्यायवर काम करून राहिल्या, आन् कापसाच्या गावावरून सरळ चालल्या, हे काई बरं नाई,” असं ते गाडीत म्हणाले होते म्हणे. बाईंना ते पटलं असावं. त्या स्वतःची ट्रंक स्वतःच घेऊन उतरल्या.

आमच्या वर्गात चांदूर रेल्वेची कुसुम होती. वडील भिक्षुकी करणारे गुरुजी, ती अगदी अबोल. तिची पाळी आली तेव्हा तिने खाली मान घालून विचारलं, की सरकीच्या दाण्यात बोंडअळी उन्हाळाभर निजून राहते, तिला बाहेर पाऊस सुरू झाला हे कळतं कसं? बाईंनी उष्णतेबद्दल आणि ओलाव्याबद्दल समजावलं. कुसुमने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण आमच्या गाईच्या सरकीचं पोतं कोरड्या खोलीत असतं. तिथे ओल नाही, उजेड नाही. तरी अळीची पाखरं वेळेवरच निघतात.”

बाई म्हणाल्या, “मला माहीत नाही.”

पाहुण्यांचं स्वागत करायला आलेले प्रिन्सिपॉलसाहेब हार हातात धरून तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा पडला. सर मात्र टाळ्या वाजवू लागले, एकटेच. “आयकलं काय?” ते आम्हाला म्हणाले. “बाईलेबी माईत नाई, आपल्यालेबी नाई. म्हंजे आपन एका बाकावर आलो.” पाहुण्यांना असं अडचणीत आणणं कॉलेजला शोभत नाही, असं प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यांना नंतर बजावलं. सरांनी आदराने मान डोलावली आणि पुढल्या परिषदेची बातमी येताच अकोल्याला गेले.

बाईंनी जाताना कुसुमला परीक्षेनंतर मुंबईला आपल्या हाताखाली काम करायला बोलावलं. वडिलांनी साफ नकार दिला. तिच्या लग्नाचं बघत होते ते. तेव्हा सर मला घेऊन चांदूरला गेले. दुपारभर गुरुजींच्या ओसरीवर पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, चहा झाला. अखेर गुरुजीच म्हणाले, की पोर हुशार असेल, पण अळ्यांसाठी कोणी मुलीला परगावी धाडतं का?

“गुरुजी,” सर म्हणाले, “इतके वर्स मी हेच शिकवून राहिलो. हा प्रश्न मले कदी पडला नाई. मले शिकवनाऱ्यायलेबी नाई पडला. तुमच्या घरी सरकीच्या पोत्याजवळ तुमच्या पोरीले पडला.”

गुरुजी उपरण्याच्या टोकाला पीळ घालत राहिले. दाराआड कुसुमच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. शेवटी त्यांनी विचारलं, “त्या बाईंच्या घरी सोवळंओवळं पाळतात का?”

पाळत नव्हते. सरांनी तसं स्पष्ट सांगितलं. बाई आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहतात, हेही सांगितलं. गुरुजींनी ‘हं’ म्हटलं. त्या पावसाळ्यात कुसुम मुंबईला गेली आणि त्याच कामात रमली.

पुढे सर निवृत्त झाले आणि मी त्याच कॉलेजात शिकवू लागलो. आता पाहुणे रीतसर निमंत्रणाने येतात, मंचावर बसतात, माईकवरून तासभर बोलतात. अशाच एका व्याख्यानाला सर शेवटच्या रांगेत येऊन बसले होते. कोणाला काही विचारायचं आहे का, असं पाहुण्यांनी विचारलं. एकही हात वर झाला नाही. सर पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन अर्धवट उठले, आणि परत खाली बसले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “सर, तुम्ही विचारणार होता ना काहीतरी?”

“होतो,” ते म्हणाले. “पन म्या इचारलं असतं, तं पोरायले वाटलं असतं, झालं, म्हाताऱ्यानं इचारलं. म्हनून थांबलो. म्हटलं, उठंल कोनीतरी.”

कोणता प्रश्न होता, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मुलं घोळक्याघोळक्याने बाहेर पडत होती. आतल्या खुर्च्या पार रिकाम्या होईपर्यंत सर दाराशी उभे राहिले. मग म्हणाले, “चाल,” आणि आम्ही निघालो.