सुडापुरतं जर्मन

"मी शिकायला नाही आलेय. मी सूड घ्यायला आलेय."

पहिल्या तासाला ओळखीची फेरी चालली होती. आंतरराष्ट्रीय व्यापार आणि जोडीला जर्मन, असा विद्यापीठाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. वर्ग शनिवार-रविवारी, ठाण्याला, नौपाड्यातल्या एका कॉलेजात. आम्ही बाविशी-तेविशीतली पोरं एकेक करून उठत होतो आणि करिअर, एक्स्पोजर, मल्टिनॅशनल असलं पाठ केलेलं बोलत होतो. मग पहिल्या बाकावरच्या काकू उठल्या. वय सत्तेचाळीस, कडक इस्त्रीची सुती साडी, हातात डब्याची पिशवी. त्यांनी वरची दोन वाक्यं म्हटली आणि खाली बसल्या.

वर्ग हसला. जर्मनच्या बाईंनी हसतच विचारलं, "कोणावर?"

"ते माझं मी बघीन. तुम्ही शिकवा."

'बघून घेईन' म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांचा राग संध्याकाळच्या चहापर्यंत टिकतो. काकूंचं तसं नव्हतं. ठाणे स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याने 'जवळचं भाडं नाही' म्हणून त्यांना बसल्या जागेवरून उतरवलं होतं. काकूंनी नंबर लक्षात ठेवला. पुढे स्टँडवर तो रांगेत पहिला असला, की त्या बाजूला उभ्या राहायच्या आणि मागच्याच्या रिक्षात बसायच्या. मी बरोबर असले तर मलाही बसू द्यायच्या नाहीत. शेवटी तोच काकुळतीला आला.

"मावशी, बसा ना आता. मीटरने सोडतो."

"दिवाळीपर्यंत नाही."

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी त्या शांतपणे त्याच्या रिक्षात बसल्या आणि उतरताना त्याच्या हातात चकल्यांचा पुडा ठेवला. शिक्षा संपली की संपली, असा त्यांचा हिशोब. मला तेव्हा या सगळ्याची फार मजा वाटायची.

मुख्य सुडाची हकिकत त्यांनी मला कँटीनमध्ये सांगितली, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाता खाता. डबा काकू आम्हा दोघींचा आणायच्या, कारण मी टिटवाळ्याहून घाईत निघायचे आणि काहीच आणायचे नाही. काकू डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत होत्या. एकवीस वर्षं एकच काम, निर्यातीचे कागद. माल परदेशी जातो तेव्हा त्याच्याबरोबर कागदांचा गठ्ठा जातो आणि एका कागदावरचं वजन दुसऱ्याशी जुळलं नाही, तर तिकडे बंदरात माल अडकतो. काकूंचा माल कधीच अडकला नव्हता. रंगाचे ड्रम ज्या लाकडी पॅलेटवर रचतात, त्या लाकडावरही कीड नसल्याचा शिक्का लागतो. कंटेनर बंद होण्याआधी काकू स्वतः गोडाऊनमध्ये जायच्या, पदर खोचायच्या आणि मोबाइलच्या उजेडात वाकून एकेका पॅलेटचा शिक्का बघायच्या. त्यांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

मग मोठ्या शेठनी कारभार सोडला आणि धाकटे शेठ परदेशातून डिग्री घेऊन आले. त्याच वर्षी हॅम्बुर्गचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक पहिल्यांदा कंपनी बघायला येणार होतं. गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारे गृहस्थ, त्यांना इंग्रजी जेमतेम. काकूंनी आदल्या संध्याकाळी साडी काढून ठेवली. सकाळी ऑफिसच्या दारातच धाकट्या शेठनी गाठलं.

"मॅडम, आज तुम्ही सुट्टी घ्या ना. उगाच लँग्वेजचा प्रॉब्लेम नको."

"आणि स्वतः काय केलं माहितीये?" काकू मला म्हणाल्या, "मोबाइलमध्ये बघून बघून बोलत बसला. शिपायाने सांगितलं मला. त्याला लँग्वेजचा प्रॉब्लेम नाही होय!"

त्या दिवशी घरी परत जाताना त्यांनी फडके रोडवर जर्मनचं पुस्तक घेतलं.

सूड काय होता, तर एवढाच. ते गृहस्थ पुन्हा येतील तेव्हा समोरच्या खुर्चीत बसायचं आणि जर्मनमध्ये सांगायचं, 'एकवीस वर्षं तुमचे कागद मी केले.' तेही धाकट्या शेठच्या देखत. "त्याला कळणारच नाही मी काय बोलले ते. बसू दे जन्मभर डोकं खाजवत." हे म्हणताना त्या इतक्या खूश दिसायच्या, की मी आणखी एक आंबोळी उचलून घ्यायचे.

त्या एका वाक्यासाठी काकूंनी घर वेठीला धरलं होतं. रद्द झालेल्या पॅकिंग लिस्टच्या पाठीवर शब्द लिहून ते स्वयंपाकघराच्या फरशांवर चिकटवलेले. काका बँकेतून निवृत्त झालेले, गरीब स्वभावाचे. त्यांना जर्मनमध्ये मागितल्याशिवाय ताक मिळत नसे. "मी ताक सोडलं हो," काका मला एकदा हळूच म्हणाले. वर्गात तर त्या शिक्षकांनाही सोडायच्या नाहीत. एकदा सरांनी पडद्यावर माल पाठवण्याच्या पायऱ्या दाखवल्या, सुंदर रंगीत बाण वगैरे. काकूंनी हात वर केला. "सर, या बाणाने गेलात तर जहाज सुटेल आणि माल इथेच राहील." सर चांगले होते. त्यांनी खडू काकूंच्या हातात दिला आणि स्वतः बाकावर जाऊन बसले.

माझं जर्मन त्यांच्यापेक्षा बरं होतं, निदान उच्चार तरी. माझं व्यापाराचं ज्ञान मात्र त्यांच्या करंगळीएवढंही नव्हतं. मी त्यांना उच्चार सांगायचे, त्या मला कागद शिकवायच्या. पहिलं वर्ष संपता संपता माझ्या बाबांची कंपनी बंद पडली. घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. काकूंना मी काही बोलले नव्हते, पण त्यांनी ओळखलं.

"अगं, आमच्याकडे जागा आहे. ये माझ्या हाताखाली. ते पाहुणे आले की दोघी बसू. मी अडले तर तू आहेस."

अशी मी त्या ऑफिसात आले. टेबल काकूंच्या शेजारी.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हॅम्बुर्गहून मेल आली. म्हातारे गृहस्थ निवृत्त होणार होते आणि निरोप घ्यायला एकदाच येऊन जाणार होते. म्हणजे काकूंना ही एकच संधी होती. दोन महिने जेवणाच्या सुट्टीत आम्ही गोडाऊनमध्ये तालीम केली. मी ड्रमवर बसून म्हातारे व्हायचे, काकू समोर उभ्या राहून वाक्य म्हणायच्या. हमाल काम थांबवून ऐकायचे. शेवटच्या आठवड्यात काकूंचं वाक्य इतकं स्वच्छ यायला लागलं, की एका हमालाने टाळ्या वाजवल्या.

पाहुणे आले त्या सकाळी धाकट्या शेठनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. "तू बस मीटिंगला. मॅडमना गोडाऊनमध्ये थांबायला सांगितलंय, आज कंटेनर भरतोय. त्यांचं काय आहे, त्या बोलायला लागल्या की थांबत नाहीत."

मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. 'सर, त्या माझ्यापेक्षा जास्त जाणतात. त्यांना बसू द्या.' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी "हो सर" म्हटलं.

म्हातारे भले गृहस्थ होते. चहा झाल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून सावकाश, मला समजेल असं विचारलं, "इतक्या वर्षांत तुमचा एक कागद चुकीचा आला नाही. ते कोण करतं? मला त्यांच्याशी हात मिळवायचाय."

"काय म्हणतायत?" धाकट्या शेठनी विचारलं. मी सांगितलं. ते हसले. "सांग की, आमची सिस्टिम आहे. आणि आता तू करतेस म्हणून सांग."

आणि मी ते सांगितलं. "मी करते," असं मी स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाले. म्हाताऱ्यांनी उठून माझा हात हातात घेतला.

काकू दारात उभ्या होत्या. कंटेनरच्या कागदांवर सही हवी म्हणून आल्या होत्या. पदर खोचलेलाच होता. दोन वर्षांपूर्वी त्यांना माझं वाक्य कळलं नसतं. त्या आत आल्या, सही घेतली, पाहुण्यांकडे बघून जर्मनमध्ये "आपला प्रवास सुखाचा होवो" एवढंच म्हणाल्या. म्हातारे चमकून बघायला लागले. तेवढ्यात काकू गेल्यासुद्धा. त्यांनी आपलं वाक्य का म्हटलं नाही, ते मला त्याच रात्री कळलं. त्या बोलल्या असत्या तर तिथल्या तिथे मी खोटी पडले असते आणि टिटवाळ्याच्या घरात पुन्हा शून्य झालं असतं. त्यांनी मला वाचवलं होतं. याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवसापासून काकू माझ्याशी फक्त जर्मनमध्ये बोलायला लागल्या. फाईल दे, दार लाव, तुझा फोन वाजतोय, सगळं जर्मनमध्ये. बाकी ऑफिसशी मराठी, माझ्याशी जर्मन. आवाज चढलेला नाही, चेहऱ्यावर राग नाही, प्रत्येक वाक्यात 'कृपया'. लोकांना भारी कौतुक. "काय प्रॅक्टिस चाललीये दोघींची!" धाकटे शेठ तर आल्यागेल्याला दाखवायला लागले. त्या जर्मनचा अर्थ फक्त मला आणि काकूंना माहीत होता.

मी तिसऱ्याच दिवशी त्यांना बाहेर गाठलं. "काकू, चुकलं माझं. माफ करा ना." त्यांनी मान तिरकी करून ऐकून घेतलं आणि आमच्या पहिल्या धड्यातलं वाक्य म्हटलं. 'क्षमा करा, मला समजत नाही. कृपया हळू बोला.' मी तेच पुन्हा हळू म्हटलं. पुन्हा तेच उत्तर. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी पर्समधून रुमाल काढून दिला आणि 'घ्या, कृपया' म्हटलं, जर्मनमध्येच.

पाच महिने हे चाललं. डबा येतच होता, दोघींचा. आंबोळ्या माझ्या टेबलावर ठेवून त्या आपल्या खुर्चीत जाऊन बसायच्या. मला वाटायचं, यापेक्षा एकदा चारचौघांत शिव्या घाला, कानाखाली वाजवा. रिक्षावाल्याला दिवाळीची मुदत तरी मिळाली होती. मी मात्र रोज सकाळी ऑफिसच्या पायऱ्या चढताना मनात मराठीत प्रार्थना करायचे, की आज तरी एक शब्द.

अभ्यासक्रमाचा निकाल एकदाचा लागला, जर्मनमध्ये काकू माझ्या पुढे होत्या. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला आणि अंबरनाथच्या एका कंपनीत मॅनेजर म्हणून गेल्या. निरोपाला सगळ्यांसाठी पेढे आणले. मला पेढा देताना त्या जर्मनमध्ये 'शुभेच्छा' म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी महिनाभर त्यांच्या रिकाम्या टेबलाशेजारी बसले. मग एका रविवारी म्हाताऱ्या गृहस्थांना पत्र लिहिलं, जर्मनमध्ये, दीड पान. तुमचे कागद मी केले नाहीत, ज्यांनी केले त्या दारात उभ्या होत्या, त्यांनी तुम्हाला 'प्रवास सुखाचा होवो' म्हटलं, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले, असं सगळं. पाठवण्याआधी ते काकूंना दाखवावं असं वाटलं. फोन त्या उचलत नव्हत्या, म्हणून डोंबिवलीला त्यांच्या घरी गेले. काकांनी दार उघडलं. "ती बाहेर गेलीय," म्हणाले. आतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या आणि कुणीतरी गॅस बारीक केला. मी पत्र काकांकडे दिलं आणि परत आले.

आठवड्याने पत्र पोस्टाने घरी आलं. दीड पानात माझ्या चुका असणारच, पण काकूंनी एकीलाही हात लावला नव्हता. फक्त एका वाक्यावर लाल शाईची सरळ, पट्टी लावून मारलेली रेघ होती. ते वाक्य असं होतं: 'मी नवीन होते आणि घाबरले होते.' शेजारी समासात मराठीत चार शब्द. 'हे काढ. मग पाठव.'

मी ते काढलं आणि पाठवलं. एक प्रत धाकट्या शेठच्या टेबलावर ठेवली. पुढे माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते झालं. हॅम्बुर्गहून दोन ओळींचं उत्तर आलं, त्या बाईंचा पत्ता कळवा. मी कळवला. त्यांनी काकूंना काय लिहिलं, काकूंनी काय उत्तर दिलं, मला माहीत नाही. काकूंनी कळवलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यानंतर आम्ही भेटलेलो नाही.

मी खरंच नवीन होते आणि खरंच घाबरले होते. ज्यांना हे सांगायचं होतं, त्यांनी ते ऐकून घेतलं नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.