पहिल्या ओळीतली चिमणी

संगणक शिकवणारे मास्तर देवाचे नाव घेतल्यावाचून पाण्याचा घोट घेत नसत. आणि मुलांसाठी त्यांनी घडवलेली संगणकाची भाषाही हाक मारल्यावाचून जागी होत नसे. भाषेचे नाव चिमणी. 'चाल', 'वळ', 'पुन्हा कर' असे साधे हुकूम तिला कळत आणि त्यांवरून ती पडद्यावर चित्र काढी. पण प्रत्येक प्रोग्रामची पहिली ओळ 'चिमणी' हीच हवी. नाहीतर पडदा कोरा.

"ज्याच्याकडून काम करून घ्यायचं, त्याला आधी प्रेमानं हाक मारावी," मास्तर सांगत. नऊ वर्षे मुलांनी हाका मारल्या. पाहा, केवढी ही नामाची ओढ! वर्गातल्या एकवीस कीबोर्डांवरचा 'च' झिजून पुसला गेला, इतक्या मारल्या.

मग एके दिवशी चौदा पानी नोटीस आली. एका बलाढ्य कंपनीचे बोधचिन्ह पक्ष्याचे होते. मास्तरांच्या चिमणीमुळे आपले ग्राहक गोंधळतील, अशी त्या कंपनीला धास्ती.

"आपल्या चिमणीला धड वर्तुळ काढता येत नाही," मास्तरांची बायको म्हणाली, "आणि ती यांचे ग्राहक पळवणार?"

तिचा भाऊ वकील. त्याने चष्मा कपाळावर चढवला. "दाजी, पंख असलेलं सगळं त्यांनी आपल्या नावावर करून घेतलंय."

"कोंबडीसुद्धा?"

"कोंबडीचा दावा चालू आहे, ताई."

मास्तर हसले. त्यांना चिंता एकच होती: मुलांचे जुने प्रोग्राम जागे व्हायला हवेत. वाकडी घरे, तीन पायांचे हत्ती, कोणी आईसाठी काढलेले फूल. त्यांनी भाषेचे नाव 'खारूताई' ठेवले आणि दोनशे बारा प्रोग्रामांची पहिली ओळ स्वतःच्या हाताने बदलली. तीन आठवडे लागले. चौथ्यात दुसऱ्या कंपनीचे पत्र आले. झुपकेदार शेपटी ही तिची मालमत्ता होती.

"आता 'दगड' ठेवा," मेहुणा वैतागून म्हणाला. "दगडाला हाक मारा."

"ती तर मी रोज मारतो रे. तो ऐकतो, यावर माझा विश्वास आहे. कोर्टाचा बसेल का?"

कोर्टाची पायरी चढायची वेळच आली नाही. मुख्याध्यापिका घाबरल्या, त्यांनी भाषा बंद करण्याच्या करारावर सही केली, आणि मास्तरांची भाषा शाळेतून पुसली गेली. पहिल्या कंपनीने उदार होऊन आपली भाषा शाळेला फुकट दिली. तिलाही पहिली ओळ होती: कंपनीचे पूर्ण नाव आणि सर्व हक्क तिचेच असल्याची कबुली. अकरा शब्द.

सोमवारी पहिल्या बाकावरच्या मुलीने आपले वाकडे घर उघडले. हाक मारली. पडदा कोरा. पुन्हा मारली.

"मास्तर, ती उठत नाही. रुसली का?"

"नाही गं बाळ. रुसली असती तर समजूत काढली असती."

"मग आता या नव्या भाषेला हाक मारायची?"

"ही हाक नाही. परवानगी आहे. लिही."

मास्तर तिच्यामागे उभे राहून एकेक शब्द सांगू लागले. पाचव्या शब्दाशी तिची बोटे थांबली.

"एवढं सगळं लिहिलं, की माझं घर येईल ना?"

मास्तरांनी सहावा शब्द सांगितला.