खिडकीतली नळी

लढाई सुरू झाली त्या वर्षी बेळगावच्या कॅम्पातला एक साहेब घाईघाईनं निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. मी गेलो होतो खुर्ची घ्यायला, आणि परत आलो हवेची बंदूक घेऊन. शहाण्या, जैनाच्या घरात बंदूक कशाला, असं कुणी विचारलं तर आजही मला धड उत्तर देता येत नाही. बेळगावात शिकायला होतो तेव्हा साहेब लोक कुंपणाच्या आत अशा बंदुकीनं रिकामे डबे उडवायचे आणि आम्ही बाहेरून बघत उभे राहायचो. खरं कारण एवढंच. बाकीची कारणं, म्हणजे उसात शिरणारी माकडं वगैरे, मी सर्व्हिस मोटारीत बसून चिकोडी येईपर्यंत जुळवून ठेवली.

सदलग्याला पोचलो तेव्हा आई सोप्यात बसली होती. पावसाळ्यातल्या हिवतापातनं ती नुकतीच उठली होती. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. वैद्यांनी मला बजावलं होतं, हिला उपाशी राहू देऊ नका, ताप उलटला तर अवघड आहे. तिनं माझ्या खांद्यावरचं लांबोडकं गाठोडं बघितलं आणि विचारलं, "काय रं ते?"

सांगितलं. म्हटलं, "आई, बायकोची शपथ, यानं मुंगीसुद्धा मारणार नाही. नारळाच्या करवंट्या फोडणार, बस्स."

"तिची शपथ कशाला? तुझी घे की," ती म्हणाली. मग गाठोड्याकडं बोट करून, "चामडं हाय का त्यात?"

होतं. आत दट्ट्याला चामड्याची चकती होती. मी खोटं बोललो नाही. तेव्हा तिनं ठरवून टाकलं की बंदूक माजघरात यायची नाही, घरामागच्या परड्याकडच्या अडगळीच्या खोलीत राहील. मी ती तिथं खिडकीखालच्या भुईमुगाच्या पोत्यावर टाकली. एवढ्या स्वस्तात सुटल्याचा मला आनंदच झाला.

दुसऱ्या दिवसापासून आमची ओळख सुरू झाली. बंदूक म्हटलं तरी तिच्यात दारू नाही, काही नाही. नळी मधोमध मोडायची आणि जोर लावून खाली ओढायची, की आतली स्प्रिंग दबत जाऊन कट् करून अडकते. मग नळीच्या भोकात शिशाचा बारका छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. सोपं वाटतं. माझा पहिला छर्रा कुठं गेला ते त्या छर्‍यालाच ठाऊक. मी तिला आवळून धरत होतो आणि ती आवळून धरलेली खपवून घेत नव्हती. सुटताना आधी मागं, मग पुढं असा दुहेरी हिसका देई. सैल धरली, जणू आपली नव्हेच अशी, तेव्हा कुठं छर्रा करवंटीजवळ जायला लागला. तोही चार बोटं डावीकडं. मग चार बोटं उजवीकडं नेम धरायचा. आठ दिवसांत करवंटी फुटली आणि मी परड्यात एकटाच नाचलो. बायको दारातनं म्हणाली, "अवो, पोरं हुतील आता, जरा शोभल असं वागा."

पण बंदुकीचा जोर कमी होता. छर्रा लाकडाला लागून खाली पडायचा. कॅम्पात बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा होता, त्याला जाऊन विचारलं. त्यानं नळी मोडून वास घेतला आणि सांगितलं, चामडं वाळलंय, चरबी लावा. चरबी! माझ्या अंगावर काटाच आला. चामडं घरात आणलं होतं ते आणलं, वर आणि चरबी कुठली आणू? घरी येऊन आईच्या करडीच्या तेलाचा बुधला उचलला आणि भोकातनं चांगलं पळीभर तेल ओतलं. मनात म्हटलं, बघा, अहिंसेनंही काम होतं.

त्या सकाळी आईनं नेहमीसारखे परड्यातल्या दगडावर राळ्याचे दाणे टाकले होते. शेवग्याखाली एक सपाट दगड होता, तिथं रोज चिमण्या, होले, साळुंक्या यायच्या. आईचा नियम होता, आणि तो माझ्या जन्माआधीचा: पाखरांनी दाणे टिपल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. आणि दिवस मावळल्यावर आम्ही कुणीच जेवत नव्हतो. आजवर त्याचं कधी काही अडलं नव्हतं. पाखरं दहा वाजेपर्यंत दगड साफ करायची, आई बसदीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, दर्शन घेऊन यायची आणि जेवायची.

मी परड्याच्या दुसऱ्या टोकाला करवंटी ठेवली, नेम धरला आणि चाप ओढला.

अरे देवा. काय आवाज झाला तो! तेल आत पेटलं असणार. खऱ्या बंदुकीसारखा बार निघाला, नळीतनं निळा धूर आला आणि करपलेल्या तळणीचा वास सगळ्या परड्यात पसरला. शेवग्यावरची सगळी पाखरं एकदम उडाली. करवंटीच्या ठिकऱ्या झाल्या होत्या. मी खूश होऊन मागं वळलो, तर आई दारात उभी होती. माझ्याकडं नाही, झाडाकडं बघत होती.

त्या दिवशी एकही पाखरू परत आलं नाही.

"येतील की," आई म्हणाली. मावळतीपर्यंत ती उंबऱ्यावर बसून राहिली आणि मग उकळून गार केलेलं पाणी पिऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी मी बंदुकीला हात लावला नाही. ताजे राळे टाकले, पाण्याचं मडकं भरून ठेवलं. काही नाही. परड्यात इतकं निवांत झालं होतं की गोठ्यातली म्हैस रवंथ करते ते सोप्यात ऐकू यायचं. शेजारच्या परड्यात चिमण्या ओरडत होत्या, पण आमच्या कुंपणावर एकही टेकत नव्हती. आमच्या परड्यावर कुणी अदृश्य झाकण ठेवल्यासारखं झालं होतं. मुंग्यांनी थोडे दाणे नेले. मी म्हटलं, "आई, मुंगीही जीवच ना?"

"पाखरू म्हटलंय मी, मुंगी न्हाय," ती म्हणाली. आवाज लई बारीक झाला होता. भिंतीला धरून उठली. मला तिचा राग आला, खरं सांगतो. आणि त्याहून जास्त माझा आला.

तिसऱ्या दिवशी ती काठी टेकत बसदीकडं गेली. मी मागच्या दारानं परड्यात आलो, दगडापाशी गुडघ्यावर बसलो आणि राळे वेचायला लागलो. झाडूनं लोटले असते तर खुणा दिसल्या असत्या, म्हणून चिमटीनं, एकेक दाणा. दाणे सदऱ्याच्या खिशात टाकत होतो. निम्मा दगड झाला असेल, तेवढ्यात मानेवर काहीतरी जाणवलं. कुणीतरी आपल्यावर नेम धरलाय असं. करवंटीला काही कळत असतं तर तिला असंच वाटलं असतं.

वर बघितलं. अडगळीच्या खोलीच्या खिडकीत बंदूक होती. दस्ता आत, नळी बाहेर, आणि नळीचं काळं भोक नेमकं दगडावर. बाहेर रखरखीत ऊन, आत मिट्ट काळोख. मागं काही दिसत नव्हतं.

उरलेले दाणे कसेबसे वेचले आणि मग मी धावत आत गेलो. खोलीत कुणी नव्हतं. बंदूक खिडकीच्या कट्ट्यावर आडवी होती. मी तर ती पोत्यावर ठेवली होती. नळी मोडून बघितली, छर्रा नव्हता. बायकोला हाक मारली.

"मी त्याला शिवत सुदीक न्हाय," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

थोड्या वेळानं आई आली, तिनं दगड बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "आली वाटतं पाखरं," आणि पाटावर बसली. भाकरीचा पहिला घास तिनं तोंडात घातला तेव्हा मी तोंड फिरवून रडलो.

पण पाखरं येत नव्हतीच. म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा मीच. आणि बंदूक पुन्हा खिडकीत. मी ती पोत्यावर नळी भिंतीकडं करून ठेवायचो आणि वेचायला बसलो की ती तिथं, दगडावर रोखलेली. एकदा खोलीला बाहेरून कडी घातली. कडी तशीच होती आणि बंदूक खिडकीत होती. एकदा आत काहीतरी करकरलं. मला वाटलं, ही स्प्रिंग आपली आपण ताणते आहे. आईला विचारता येत नव्हतं, कारण तू परड्यात काय करत होतास, हा तिचा पहिला प्रश्न असता. मग मी मान खाली घालून वेचत राहिलो. भर दुपारी, पाठीवर ऊन असताना, माझे हात गार पडायचे. असे नऊ दिवस मी चिमणी झालो.

नवव्या दिवशी वेचून झाल्यावर बंदूक उचलली आणि लोहाराकडं नेली. विकायची तरी कशी? घेणारा तिनं जे मारील त्याचं पाप माझ्या दारात. दूधगंगेत टाकावी असं म्हटलं तर आई म्हणाली, "नदीत मासं न्हाईत व्हय?" म्हणून लोहाराकडनं स्प्रिंग काढून घेतली. ती पुढं गोठ्याच्या दाराला लावली, दार आपोआप मिटायला. उरलेलं लोखंड त्याला औताच्या कामासाठी दिलं. दुसऱ्या सकाळी शेवग्यावर चिमण्या होत्या. योगायोग म्हणा. मी त्यावर वाद घालत नाही.

त्या हिवाळ्यात गुऱ्हाळ लागलं. पहिल्या काहिलीचा गरम गूळ आईला फार प्रिय. ताज्या गुळाचा खडा हातावर घेऊन ती डोळे मिटून खायची. मी आणून दिला तर म्हणाली, "नको रं, दात सळसळत्यात." पुढल्या वर्षीही तेच. मी मग आणायचंच सोडलं. तापानं दात गेले असतील, असं धरून चाललो.

लढाई संपली त्या वर्षी मात्र गूळ असा काही पिवळाधमक उतरला की मी न राहवून एक खडा पानात गुंडाळून आणला. आई परड्यात दगडाजवळ बसली होती. चिमण्या नुकत्याच उठल्या होत्या. ती दगडावरनं हात फिरवत होती आणि तळहाताला लागलेली फोलपटं मला दाखवत म्हणाली, "हे बघ. पाखरू राळं टिपतं तवा फोलपाट टाकून जातं. तुझा दगड पुसल्यागत असायचा."

 सहा वर्षांनी ती हे सांगत होती.

"बसदीत मी जातच न्हवते तवा," ती म्हणाली. "पायात बळ कुठलं? पुढच्या दारानं जायची, बोळातनं फिरून तिकडच्या दारानं अडगळीच्या खोलीत येऊन बसायची. म्हटलं, खिडकीतनं पाखरं बघू. पोत्यावर तुझं ते लोखंड पडलेलं. बसायला जागा नको? पदरानं धरून खिडकीत ठेवत हुते."

"आणि कडी?"

"कडी काढायची, जाताना परत घालायची. येवढं न्हाय जमत व्हय?"

म्हणजे मानेवर जे जाणवत होतं ते आईचं बघणं होतं. मी विचारलं, "मग सगळं दिसत असून जेवलीस कशी? नियम होता ना तुझा?"

"तू गुडघ्यावर बसून एकेक दाणा टिपत हुतास रं. येवढ्या उन्हात. माझं लेकरू. मी जेवले नसते तर तू काय केलं असतंस?"

"पण नियम?"

"मोडला की. नऊ दिवस मोडला. त्याचं मग मी माझं सोडलं काहीतरी." आणि तिनं माझ्या हातातल्या पानाकडं बघितलं.

गूळ अजून गरम होता. मी तो तिच्यापुढं धरून तसाच उभा होतो, आणि तिनं हळूच माझा हात बाजूला केला. म्हणाली, "पोरांना दे जा, गार व्हईल."