रंगाऱ्याचं ऑम्लेट

माझा धाकटा भाऊ रंगारी. दार द्या, भिंत द्या, जिन्याचा कठडा द्या, असा रंगवील की बघणाऱ्याला बोट लावून पाहायचा मोह व्हावा. पण स्वयंपाकघरात त्याचं काम एकच, पाणी प्यायला आत जायचं आणि बाहेर यायचं. लग्नाआधी आईनं आणि मी, लग्नानंतर बायकोनं त्याच्यापुढे ताट वाढलं आणि तो जेवला. लाडावून ठेवलं कुणी, तर मीच. आता बोलून काय उपयोग?

भावजय आठ वर्षं बसमध्ये तिकिटं फाडत होती. गेल्या महिन्यात तिनं ड्रायव्हरची परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. डेपोतली पहिली बाई ड्रायव्हर! माझ्या तर अंगावर मूठभर मांस चढलं, दिसेल त्याला सांगत सुटले. पण ड्यूटी मिळाली पहाटेची. तिला पाचला घर सोडायचं आणि मुली उठणार सहाला. धाकटीला आम्ही मुंगी म्हणतो. तिच्या पोटात सकाळी काही गरम गेलं नाही तर दहाच्या आत ती चक्कर येऊन खाली बसते, आणि थंड दूध तिला पचत नाही. डेपोनं आठवडाभर करून बघायला सांगितलं होतं. शनिवारी दुपारी सही करायची, नाहीतर पुन्हा तिकिटं फाडायची.

मी खालच्याच मजल्यावर राहते. म्हटलं, नाश्ता मी करीन. भावजयीनं माझ्यापुढे हात जोडले.

"ताई, तुम्ही केलंत तर हे जन्मात शिकणार नाहीत. आठवडाभर वर पाऊल टाकू नका."

जिवावर आलं, पण कबूल झाले.

भावानं ऑम्लेट निवडलं. त्याचं म्हणणं, पातळ वस्तू सपाट जागी पसरायची, आयुष्यभर दुसरं काय केलं? सोमवारी तव्याला तेल लावायला त्यानं आपला सगळ्यात लाडका ब्रश काढला. तीनदा साबणानं धुतला होता म्हणे. पण केसांच्या मुळाशी वर्षानुवर्षांचं टर्पेंटाइन बसलेलं. तवा तापला आणि असा वास सुटला की मी खाली खिडक्या उघडल्या. थोरली अकराची आहे, तिला सगळे वकीलबाई म्हणतात. तिनं विचारलं, हे खायचंय की दाराला लावायचंय? ऑम्लेट केराच्या डब्यात गेलं आणि मुली कोरड्या पावावर शाळेत गेल्या.

मंगळवारी त्यानं दुकानातून कोरा ब्रश आणला. मग मोठ्या आचेवर सहा अंडी एकदम ओतली. वरून कच्चं, खालून कोळसा. ते त्यानं जुना रंग काढायच्या पत्र्यानं खरवडलं, अगदी कोपऱ्याकोपऱ्यातून. तवा आरशासारखा निघाला आणि मुली पुन्हा पावावर गेल्या.

बुधवारी तेच झालं आणि दहा वाजता शाळेतून फोन आला. मुंगी कवायतीत मटकन खाली बसली होती. मी जाऊन तिला घेऊन आले. संध्याकाळी भावजय कपड्यांच्या घड्या घालता घालता एवढंच म्हणाली, "पुरे झालं. शनिवारी नाही म्हणून सांगते."

भाऊ खाली माझ्याकडे येऊन बसला. तोंड एवढंसं झालेलं. त्याची दया यायला हवी होती, पण मला रागच आला. एका तव्यापायी त्या बाईची बस जाणार होती!

"भिंतीवर डबाभर रंग एकदम ओततोस का रे?" मी विचारलं.

"काहीतरीच काय, ताई. पहिला हात पातळ द्यायचा. तो सुकला की मगच दुसरा."

बोलता बोलता तो थांबला. माझ्याकडे बघितलं, चहा तसाच टाकला आणि दोन दोन पायऱ्या चढत वर पळाला.

गुरुवारी मंद आच, ब्रशानं तेल, वर अंड्याचा पातळसा हात. सुकला की घडी घालून कडेला सारायचा, मोकळ्या तव्यावर दुसरा हात, त्यावर पहिली घडी गुंडाळायची. तीन हातांचं ऑम्लेट उशीसारखं फुगलं. मुंगीनं अर्धं खाल्लं. शुक्रवारी तिनं सगळं संपवलं असतं, पण हा पडला जातिवंत रंगारी, आधीचा हात नीट सुकल्याशिवाय पुढचा देईना. शाळेची वेळ झाली तेव्हा कुठे ताटल्या भरल्या. दोघींना उशिराचा शेरा मिळाला.

त्या संध्याकाळी भावजयीनं अट सांगितली. सातला तिची बस आमच्या दारासमोरच्या थांब्यावर येते. दोन रिकाम्या ताटल्या खिडकीत दिसल्या तर सही.

शनिवारी साडेसहालाच मी दोन अंडी उकडायला टाकली. वर पाऊल टाकायचं नाही, एवढंच ठरलं होतं. वरून कुणी दोरीनं पिशवी सोडली तर मी काय करणार? पण पिशवी येईना. सात वाजले, बस वळणावर दिसली आणि मी रस्त्यावर धावले.

खिडकीत वकीलबाईची ताटली आली, लख्ख रिकामी. मुंगीचा पत्ता नाही. बसमधली माणसं उतरली, थांब्यावरची चढू लागली. भावजय मान वर करून बघत होती. काठी टेकत एक म्हातारबाबा शेवटची पायरी चढले आणि तेवढ्यात मुंगी आली, डोक्यावर ताटली पालथी धरून. एक कणसुद्धा खाली पडला नाही. रस्त्याच्या मधोमध मी टाळ्या पिटल्या, लोक बघत होते तर बघोत.

जिन्यावर धडधड झाली. भाऊ कागदाची पुडी घेऊन धावत ड्रायव्हरच्या खिडकीशी, बायकोजवळ गेला.

"काय हे?"

"तुझं. चार हात दिलेत."

बारा वर्षं त्या घरात सगळ्यांचा गरम नाश्ता तिनं केला. सगळ्यांचं उरकून ती बसायची तेव्हा तिचा गार झालेला असायचा. हे मला ठाऊक होतं आणि मी कधी बोलले नाही, याची त्या क्षणी लाज वाटली. तिनं पुडी उघडली, एक घास तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"गरम आहे," ती म्हणाली. मग डोळे पुसत, "दुपारी सही करून येते."

मागून नव्या कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली. आठ वर्षं तीच घंटी वाजवून तिनं दुसऱ्यांच्या बसेस हलवल्या होत्या. आज ती ऐकूनही न ऐकल्यासारखं करून तिनं आणखी एक घास घेतला.